नरसंहारावरचा सिनेमा ग्रुपला दाखवायचाय? प्रोजेक्टर लावायच्या आधी हे वाचा

नाशिकमध्ये सिनेमे दाखवणारे छोटे छोटे ग्रुप आता बरेच झालेत. कॉलेज रोडला कॉलेजांचे क्लब आहेत, गंगापूर रोडला सोसायट्यांची क्लबहाऊस आहेत, कुठे वाचनालयाचा हॉल मिळतो, तर इंदिरानगरला कुणाच्या तरी गच्चीवर पडदा लागतो. आणि वर्षातून एकदा तरी कुणीतरी म्हणतंच की २७ जानेवारीला, म्हणजे १९४५ मध्ये ऑशविट्झची छावणी सुटली त्या तारखेला, एखादा नरसंहारावरचा पिक्चर दाखवू. कल्पना चांगली असते पण होतं काय तर 'शिंडलर्स लिस्ट' लागतो, अर्धा हॉल रडतो, मग कुणीतरी माईक घेऊन दहा मिनिटं माणुसकीवर बोलतो, चहा होतो, सगळे घरी. नाहीतर दुसरा प्रकार, पाचव्या मिनिटाला चर्चा टीव्हीवरच्या डिबेटसारखी पेटते आणि ज्यांच्यावर सिनेमा होता ती माणसं बाजूलाच राहतात.

हा लेख वीस ते चाळीस माणसांच्या ग्रुपसाठी आहे. कुठला सिनेमा किती महान, कुणी काय अवॉर्ड घेतलं, ते इथे नाही. फक्त तयारी, क्रम, आणि लोक कुठे चुकतात ते.

१. सिनेमा निवडायच्या आधी ठरवा: कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे

बहुतेक ग्रुप इथेच घसरतात, कारण निवड 'कुठला जास्त फेमस' यावर होते. तुम्ही आधी वेगळा प्रश्न विचारा: ही गोष्ट कोण सांगतंय? ढोबळ चार प्रकार पडतात.

पहिला, तारणहाराचा सिनेमा. 'शिंडलर्स लिस्ट' (१९९३), 'हॉटेल रवांडा' (२००४). एक माणूस हजारभर लोकांना वाचवतो. बघायला सोपा, कारण शेवटी काहीतरी हाताला लागतं. पण यात वाचलेली माणसं बहुतेक वेळा यादीतली नावं होऊन राहतात, आणि प्रेक्षक घरी जातो तो 'कोणीतरी चांगला होता' हे समाधान घेऊन. सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले त्यातल्या बाराशेच्या आसपास वाचले त्यांची ही गोष्ट आहे, हे प्रमाण हॉलमध्ये कुणालाच आठवत नाही. 'हॉटेल रवांडा'चं तर त्याहून अवघड, त्या हॉटेलात खरोखर लपलेल्या काही लोकांनीच पुढे सांगितलं की मॅनेजरचं चित्रण जरा जास्तच गोड केलंय.

दुसरा, मरणाच्या आतून दाखवलेला सिनेमा. 'सन ऑफ सॉल' (२०१५) किंवा बोस्नियातल्या स्रेब्रेनिकाच्या हत्याकांडावरचा 'क्वो वादिस, आयदा?' (२०२०). इथे तुम्ही एका माणसाला चिकटून चालता आणि त्याला जेवढं कळतं तेवढंच तुम्हाला कळतं.

तिसरा, मारणाऱ्यांचा. 'द अॅक्ट ऑफ किलिंग' (२०१२) मध्ये इंडोनेशियातल्या १९६५-६६ च्या कत्तलीतले मारेकरी स्वतःच आपले खून नाटकासारखे करून दाखवतात. 'द झोन ऑफ इंटरेस्ट' (२०२३) मध्ये ऑशविट्झचा कमांडंट भिंतीपलीकडे बायकामुलांबरोबर बाग फुलवत राहतो. हे सिनेमे जबरदस्त आहेत, पण यात बळी जवळजवळ दिसतच नाहीत, त्यामुळे पहिल्यांदाच दाखवायला घेऊ नका.

चौथा, वाचलेल्यांनी स्वतः सांगितलेला. ज्यूंच्या नरसंहारावरचा 'शोआ' (१९८५), आणि कंबोडियातल्या हत्याकांडातून वाचलेल्या रिथी पान्हचे 'एस-२१' (२००३) आणि 'द मिसिंग पिक्चर' (२०१३). ख्मेर रूजच्या, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या कम्युनिस्ट राजवटीच्या, काळातली फक्त सरकारी प्रचाराचीच फिल्म उरलीय, घरच्यांचं काहीच नाही, म्हणून त्याने मातीच्या छोट्या बाहुल्या करून आपलं बालपण उभं केलं.

माझं मत स्पष्ट आहे: पहिला सिनेमा दुसऱ्या नाहीतर चौथ्या प्रकारातला घ्या. 'आयदा' पावणेदोन तासांच्या आत संपतो, गोष्ट सरळ आहे, रक्त फार नाही, आणि मोठ्या माणसांना कळायला काही अडचण येत नाही. 'मिसिंग पिक्चर' दीडेक तासाचा. तारणहाराचा सिनेमा दाखवायचाच असेल तर जरूर दाखवा पण त्याला जोडून वाचलेल्या माणसाची साक्ष, अर्धा तास का होईना, ठेवा.

*इशारा:* साडेनऊ तासांचा 'शोआ' एका रविवारी उरकायचा बेत करू नका. त्यातला एखादा सलग तुकडा घ्या.

*तपासा:* निवडलेल्या सिनेमाच्या किती आवृत्त्या आहेत? 'अॅक्ट ऑफ किलिंग'ची एक साधारण दोन तासांची आहे आणि एक अडीच तासांच्याही पुढे जाते. हॉल दोन तासांचा बुक आणि हातात मोठी आवृत्ती, असं झालं की शेवटी वॉचमन दिवे लावायला येतो.

२. दोनदा बघा, दुसऱ्यांदा वही घेऊन

जो चर्चा घेणार त्याने सिनेमा आधी दोनदा बघायलाच पाहिजे. पहिल्यांदा नुसता बघा. दुसऱ्यांदा वहीच्या पानावर तीन रकाने पाडा, काय दाखवलं, काय दाखवलं नाही, काय ऐकू आलं, आणि बाजूला मिनिटं लिहा. मिनिटं लिहिली नाहीत तर चर्चेत 'तो सीन हो, तो मधला' असं सुरू होतं आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा सीन असतो.

मधला रकाना सगळ्यात महत्त्वाचा. 'आयदा'मध्ये पुरुषांना एका हॉलमध्ये कोंबतात, भिंतीतल्या झरोक्यांतून बंदुका पुढे येतात, आणि मग कॅमेरा बाहेर, गोळीबार आपण बाहेरून ऐकतो. प्रेतं दाखवली असती तर आपण नजर फिरवून मोकळे झालो असतो, इथे ती सोयच ठेवलेली नाही. 'सन ऑफ सॉल'मध्ये गॅस चेंबरच्या आसपासचं सगळं मागे धूसर आहे, स्पष्ट दिसतो तो फक्त सॉलचा चेहरा नाहीतर पाठ, पण आवाज मात्र सगळे येतात.

उलट उदाहरणही वहीत असू द्या. १९६० च्या 'कापो' नावाच्या इटालियन सिनेमात एक बाई छावणीच्या विजेच्या तारांवर झोकून देते आणि तिचं प्रेत फ्रेममध्ये नीट बसावं म्हणून कॅमेरा पुढे सरकतो. जाक रिव्हेत या फ्रेंच समीक्षकाने १९६१ मध्ये एवढ्या एका हालचालीवरून त्या दिग्दर्शकाला फाडून खाल्लं होतं. लोकांना वाटतं एका शॉटवरून एवढं काय, पण तुम्ही दुसऱ्यांदा बघाल ना तेव्हा हाच प्रश्न हाताशी ठेवा: कॅमेरा इथे का हलला, कुणासाठी हलला? 'शिंडलर्स'मधला न्हाणीघराचा सीन या प्रश्नाने एकदा तपासून बघा. बायका आत, दिवे जातात, आणि आपण श्वास रोखून बसतो की आता गॅस येतो का पाणी. हे थ्रिलरचं तंत्र तिथे चालावं का नाही यावर अजूनही वाद आहे आणि तो वाद तुमच्या हॉलमध्ये व्हायला हवा.

आणि दाखवलं नाही ते दरवेळी दिग्दर्शकाने ठरवून वगळलेलं असेल असंही नाही. नाझी छावण्यांवरच्या १९५६ च्या 'नाइट अँड फॉग'मध्ये फ्रान्समधल्या छावणीवर पहारा देणारा फ्रेंच पोलीस त्याच्या टोपीवरून ओळखू यायचा, तर फ्रेंच सेन्सॉरने ती टोपी झाकायला लावली. त्याच सिनेमाच्या निवेदनात ज्यूंचा उल्लेख जेमतेम एकदा येतो. ३२ मिनिटांचाच आहे म्हणून लोक पटकन उचलतात, पण त्यात बुलडोझरने ढकललेली प्रेतं आहेत, तेव्हा लहान आहे म्हणून सोपा आहे असं धरून चालू नका.

३. माहितीचा एकच कागद, आणि तो दोन भागांत

एका ए-फोरच्या दोन बाजू, त्याहून जास्त नाही. पुढच्या बाजूला सिनेमाआधी लागतं तेवढंच: कुठे, कधी, कोण कोणाविरुद्ध, एक छोटा नकाशा. मागच्या बाजूला सिनेमानंतरचं: किती माणसं गेली, खटले झाले का, कुणाला काय शिक्षा, सिनेमात काल्पनिक काय. लोक पुढची बाजू दारात वाचतात, मागची चर्चेत उलटतात. सगळं आधीच दिलं तर सिनेमा पाठ्यपुस्तकासारखा बघितला जातो आणि काहीच दिलं नाही तर मध्येच शेजारी शेजाऱ्याला विचारतो 'हे सर्ब कोण आणि बोस्नियाक कोण'.

'आयदा'चा कागद साधारण असा होईल. पुढे: स्रेब्रेनिका हे बोस्नियातलं गाव, जुलै १९९५, संयुक्त राष्ट्रांनी १९९३ पासून सुरक्षित क्षेत्र जाहीर केलेलं, डच सैनिक पहाऱ्यावर, बोस्नियन सर्ब सैन्य गाव घेतं. मागे: ८,००० हून जास्त बोस्नियाक मुस्लीम पुरुष आणि मुलगे मारले गेले, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये हा नरसंहारच होता असं म्हटलं, सेनापती म्लादिचची जन्मठेप २०२१ मध्ये अपिलातही कायम राहिली. आणि आयदा ही दुभाषी शिक्षिका काल्पनिक पात्र आहे, तिच्याभोवतीच्या घटना खऱ्या.

रवांडावर काही दाखवणार असाल तर ७ एप्रिल १९९४ पासूनचे साधारण शंभर दिवस, आठ लाखांच्या आसपास बळी, त्यात बहुतेक तुत्सी जमातीचे, आणि आरटीएलएम या रेडिओ स्टेशनने चिथावणी दिली, एवढं पुरे.

आता एक गोष्ट चर्चेत निघणारच, तयारीत राहा. नरसंहार कशाला म्हणायचं ते ठरवणाऱ्या १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारात राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय आणि धार्मिक गट आहेत, राजकीय गट नाहीत. इंडोनेशियात पाच लाखांहून जास्त माणसं मारली गेल्याचा अंदाज आहे पण कम्युनिस्ट म्हणून, त्यामुळे तिथे कायद्याचा वाद अडतो. कंबोडियातही २०१८ चा नरसंहाराचा निकाल आला तो व्हिएतनामी आणि चाम मुस्लीम लोकांच्या बाबतीत, बाकीच्या लाखो ख्मेर लोकांचे खून मानवतेविरुद्धचे गुन्हे या नावाखाली गेले. कुणी वकील हॉलमध्ये असला की हा मुद्दा तो काढतोच, आणि नाशिकमध्ये हॉलमध्ये वकील नाही असं सहसा होत नाही. या वादात दहा मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका.

*इशारा:* कागदावर व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो किंवा आकडा टाकू नका. एक आकडा खोटा निघाला की 'हे सगळंच प्रचार आहे' म्हणणाऱ्याला आयतं कोलीत मिळतं.

४. निमंत्रणाचा मेसेज

'अंगावर काटा आणणारा', 'डोळ्यांत पाणी आणणारा', खाली हाडं दिसणाऱ्या कैद्यांचा फोटो. कृपा करा, हे नको. त्या फोटोतल्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं की तुझा फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या दोन मेसेजमध्ये टाकू का.

साधा मेसेज लिहा:

'रविवारी दुपारी ४ वाजता, क्लबहाऊस. बोस्नियातल्या १९९५ च्या हत्याकांडावरचा सिनेमा, पावणेदोन तास, इंग्रजी सबटायटल. हिंसा फार दाखवलेली नाही पण विषय जड आहे. १६ वर्षांवरील मुलांनीच यावं. मध्येच उठून बाहेर गेलात तर चालेल, कुणी कारण विचारणार नाही. नंतर पाऊण तास चर्चा, थांबणं ऐच्छिक.'

वेळ दुपारचीच ठेवा. रात्री नऊचा शो केला तर लोक तोच सिनेमा डोक्यात घेऊन झोपायला जातात आणि चर्चेला कुणी थांबत नाही कारण सकाळी सातपूर-अंबडला शिफ्ट असते.

*तपासा:* सेन्सॉर सर्टिफिकेट असेल तर त्यावरचं वय आधी बघा. 'ए' असेल तर १८ खालच्यांना नाही म्हणजे नाही, मग कुणी कमिटी मेंबरचा मुलगा कितीही समजूतदार असो.

५. हॉल, परवानगी, मशीन

परवानगीचं आधी उरका. घरचं ओटीटी सबस्क्रिप्शन घरासाठी असतं, ते लॅपटॉपवर लावून चाळीस लोकांना दाखवणं त्यात बसत नाही. वितरकाला ईमेल करा, ग्रुप छोटा आहे, तिकीट नाही हे सांगा, आणि उत्तर लेखी घ्या. कॉलेजच्या आत फक्त विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी असेल तर कायद्यात थोडी मोकळीक आहे, पण बाहेरचे पाहुणे बोलावले की ती संपते.

आता मशीन. या सिनेमांना प्रोजेक्टरवाला हमखास 'दुरुस्त' करायला जातो, म्हणून त्याला आधी बसवून सांगा:

'सन ऑफ सॉल'ची फ्रेम चौकोनी आहे, जुन्या टीव्हीसारखी. पडद्याच्या दोन्ही बाजू काळ्या दिसतात. प्रोजेक्टरवाला ती ताणून रुंद करतो आणि मग सगळे चेहरे चपटे. ताणायची नाही. मागचं धूसर आहे ते फोकस गेल्यामुळे नाही, लेन्सला हात लावायचा नाही.

'झोन ऑफ इंटरेस्ट' सुरू झाल्यावर बराच वेळ पडदा नुसता काळा राहतो आणि फक्त आवाज येतो. हॉलमधून लगेच 'अरे लाईट गेली का' सुरू होतं आणि कुणीतरी एचडीएमआयची वायर काढून परत लावतो. हे होणार आहे असं गृहीत धरा, प्रोजेक्टरवाल्याच्या शेजारी स्वतः बसा. हा सिनेमा निम्मा कानाने बघायचा आहे, भिंतीपलीकडच्या किंकाळ्या, गोळ्या, भट्टीची घरघर, आणि प्रोजेक्टरच्या पोटातल्या पिटुकल्या स्पीकरवर यातलं काही ऐकू येत नाही. दोन चांगले स्पीकर भाड्याने आणता येत नसतील तर हा सिनेमा निवडूच नका. आणि पंखे! क्लबहाऊसचे पंखे एवढा आवाज करतात की मे महिन्यात हा सिनेमा दाखवणं अशक्य, थंडीत ठेवा.

सबटायटल शेवटच्या रांगेत बसून वाचून बघा. आपल्याकडे खालच्या दोन ओळी पुढच्याच्या डोक्यामागे जातात, तेव्हा पडदा वर बांधा. ज्येष्ठ मंडळींना इंग्रजी सबटायटलचा वेग झेपत नाही, त्यांच्यासाठी मराठीत पानभर कथासार वेगळं छापा, कथासारात शेवटही लिहा. सस्पेन्स जाईल म्हणून घाबरू नका, इथे शेवट काय होणार ते सगळ्यांना माहीतच असतं.

खुर्च्या लावताना मध्ये वाट सोडा म्हणजे उठणाऱ्याला दहा गुडघे ओलांडावे लागत नाहीत. खायचं काही आत नको. मध्यंतर दोन तासांच्या आतल्या सिनेमाला नकोच, सव्वातीन तासांच्या 'शिंडलर्स'ला लागेल, तर ते कुठे थांबवायचं ते आधी बघून ठेवा, मारहाणीच्या मधोमध दिवे लावून वडापाव वाटलेला वाईट दिसतो.

६. प्रत्यक्ष दिवस

दीपप्रज्वलन नाही, पाहुण्यांची ओळख नाही, शाल-श्रीफळ नाही. वसंत व्याख्यानमालेच्या गावात हे सांगणं अवघड आहे याची कल्पना आहे, आपल्याला सूत्रसंचालनाशिवाय कार्यक्रम झाल्यासारखाच वाटत नाही. पण दोन मिनिटांत आटपा: कागदाची पुढची बाजू वाचा, बाहेर जायचं दार कुठे ते सांगा, मोबाईल, बसा.

सिनेमा संपला की दिवे लगेच लावू नका. श्रेयनामावली पूर्ण जाऊ द्या, आणि 'अॅक्ट ऑफ किलिंग'ला तर ती बंद केलीत तर सिनेमाचा शेवटच कापलात असं समजा. तिथे पडद्यावर एकामागून एक 'अनॉनिमस', 'अनॉनिमस', 'अनॉनिमस' येत राहतं, कारण ज्या इंडोनेशियन लोकांनी हा सिनेमा करायला मदत केली त्यांना २०१२ मध्येही नाव देणं सुरक्षित वाटत नव्हतं. मारेकरी मात्र सिनेमाभर स्वतःच्या नावाने मिरवतात.

मग चहा, बाहेर, पंधरा मिनिटं. चहाच्या आधी माईक फिरवला की पहिला बोलतो तो नेहमीचाच बोलणारा असतो, आणि पुढची सगळी चर्चा त्याच्या रुळावर जाते.

७. चर्चेचा क्रम (हा बदलू नका)

पहिली फेरी: फक्त काय दिसलं, काय ऐकू आलं. प्रत्येकाने एक गोष्ट, एका वाक्यात, मत नाही. 'मला फार वाईट वाटलं' हे इथे चालत नाही, 'कुंपणाच्या बाहेर गर्दी होती आणि आयदा आतून स्वतःच्याच घरच्यांना शोधत होती' हे चालतं. सुरुवातीला लोक अवघडतात, तुम्ही स्वतः एक सांगून सुरुवात करा.

दुसरी फेरी: काय दाखवलं नाही. तुमच्या वहीचा मधला रकाना इथे काढा.

तिसरी फेरी, आणि हिला सगळ्यात जास्त वेळ द्या: वाचलेला माणूस इथे कसा आहे? तो बोलतो का त्याच्यावतीने दुसरं कुणी बोलतं? त्याला राग येतो का, तो चुकतो का, का तो नुसता बिचारा आहे? गोष्ट संपल्यावर त्याचं पुढे काय होतं ते सिनेमा दाखवतो का? 'आयदा' इथे उपयोगी पडतो, कारण तो हत्याकांडावर संपत नाही. ती गावात परत येते, तिच्या घरात दुसरीच माणसं राहत असतात, आणि ती पुन्हा शाळेत शिकवायला लागते, जिथे मारणाऱ्यांचीही मुलं आहेत. या शेवटच्या दहा मिनिटांवर अर्धा तास बोलता येतं.

याच फेरीत तुलनेला तीन माणसं द्या. अरोरा मार्डिगनियन, १९१५ च्या आर्मेनियन हत्याकांडातून वाचून अमेरिकेला गेलेली मुलगी, तिच्यावरच्या १९१९ च्या सिनेमात तिलाच काम करायला लावलं, शूटिंगमध्ये घोटा मोडला तरी काम थांबलं नाही, आणि पुढे प्रचाराच्या दौऱ्यात ती कोलमडली तेव्हा तिच्यासारख्या दिसणाऱ्या मुली उभ्या केल्या. दुसरा हाइंग न्गोर, कंबोडियन डॉक्टर, डॉक्टर आहोत हे लपवून जगला, बायको बाळंतपणात डोळ्यांसमोर गेली आणि तो काही करू शकला नाही. 'द किलिंग फील्ड्स' (१९८४) मध्ये त्याने दुसऱ्या एका वाचलेल्या माणसाची भूमिका केली, आधी कधी अभिनय केलेला नसताना. तिसरा रिथी पान्ह, कॅमेराच त्याच्या हातात. तिघंही वाचलेली, तिघंही सिनेमात, पण कोणाच्या मर्जीने काय झालं ते तिघांचं वेगळं.

आणि 'शोआ'मधला न्हाव्याचा तुकडा दाखवलात तर तोच प्रश्न टोकाला जातो. अब्राहम बोम्बा ट्रेब्लिंकाच्या नाझी छावणीत मरायला निघालेल्या बायकांचे केस कापायचा. दिग्दर्शक लान्झमान त्याला इस्रायलमधल्या एका सलूनमध्ये उभं करतो, समोर गिऱ्हाईक बसवतो, हातात कात्री, आणि बोलायला लावतो. एका ठिकाणी बोम्बाचा आवाज बंद होतो, तो म्हणतो नको, लान्झमान म्हणतो सांगावंच लागेल, आणि कॅमेरा चालूच राहतो. हे बरोबर होतं का? मला विचाराल तर ती साक्ष आपल्याकडे आहे हे मोलाचं, आणि तरी तो क्षण बघताना लान्झमानचा राग येतो. हॉलमध्ये दोन्ही बाजूंना माणसं मिळतील, मिळू द्या.

*इशारा, आणि हा कडक आहे:* लान्झमानने जे केलं ते तुम्ही हॉलमध्ये करू नका. देवळाली कॅम्प, नाशिकरोडला फाळणीत सिंधमधून उठून आलेली घरं आहेत. शरणपूर रोडच्या मार्केटात स्वेटर विकणारे तिबेटी आहेत. त्यांच्यापैकी कुणी तुमच्या हॉलमध्ये असेल तर 'काका, तुम्ही सांगा ना तुमचा अनुभव' असं म्हणून माईक पुढे करायचा नाही. त्यांना बोलायचं असेल तर ते हात वर करतील. कौतुकाने का होईना, ही चूक फार होते.

चौथी फेरी: कागदाची मागची बाजू. आकडे, निकाल, काल्पनिक काय. 'हे सगळं पाश्चात्त्यांचं नाटक' म्हणणारा इथे भेटतो. त्याच्याशी भांडू नका, निकालाची ओळ वाचून दाखवा आणि विचारा की सिनेमातली नेमकी कुठली गोष्ट खोटी वाटली, मिनिट सांगा. बहुतेक वेळा तिथेच थांबतं.

पाचवी फेरी: आपल्याकडचं. हा विषय दाबू नका, तो लोकांच्या मनात पहिल्या मिनिटापासून असतो, फक्त शेवटी आणा. आधीच निघाला तर म्हणा, 'हे फळ्यावर लिहून ठेवतो, शेवटच्या फेरीत पहिलं तुमचंच', आणि खरोखर लिहा, नाहीतर माणूस चिडतो. कुणाचं दुःख मोठं अशी स्पर्धा सुरू झाली की थांबवा. आणि फाळणीवर बोलायची ग्रुपची खरंच इच्छा दिसली तर त्याला पुरेसा वेळ देऊन वेगळा दिवस ठेवा, 'गर्म हवा' (१९७३) आहे, निहलानींची 'तमस' आहे, पाऊण तासाच्या शेपटाला तो विषय बांधू नका.

८. नंतरचं

दोन दिवसांनी एक छोटा मेसेज टाका, कुणाला काही लिहून पाठवायचं असेल तर. जे हॉलमध्ये गप्प बसले होते त्यांच्याकडूनच इथे कामाचं येतं. ग्रुपवर नको, पर्सनलवर मागवा. हॉलमधले रडणाऱ्या लोकांचे फोटो तर अजिबात टाकू नका, कार्यक्रमाचा फोटो हवाच असेल तर रिकाम्या खुर्च्या लावतानाचा टाका.

पुढचे सिनेमे ठरवताना प्रकार बदला. 'आयदा'नंतर 'मिसिंग पिक्चर', त्यानंतर 'अॅक्ट ऑफ किलिंग', आणि त्याच्या पाठोपाठ, महिनाभराच्या आत, त्याच दिग्दर्शकाचा 'द लुक ऑफ सायलेन्स' (२०१४). त्यात चष्म्याचे नंबर काढणारा आदि स्वतःच्या भावाला मारणाऱ्यांचे डोळे तपासता तपासता त्यांना प्रश्न विचारतो. हे दोन एकमेकांशिवाय दाखवू नका, पहिल्यात मारेकरीच बोलत राहतात आणि दुसऱ्यात त्यांच्यासमोर कुणीतरी बसतं. 'झोन ऑफ इंटरेस्ट' सगळ्यात शेवटी, स्पीकरची सोय झाल्यावर.

ही जोडी सोडली तर दोन सिनेमांमध्ये किमान महिना जाऊ द्या, मध्ये एखादा हलकाफुलका पिक्चर लावला तरी हरकत नाही. आणि पुढची तारीख सिनेमा संपल्या संपल्या जाहीर करू नका, त्या वेळी सगळे 'हो हो' म्हणतात आणि ऐनवेळी हॉलमध्ये सहाच जण असतात. आठवड्याने विचारा, मग हॉलचं भाडं भरा.